गहान-लहान

१९ मे १९८४, शनिवार. सकाळपासून मिरच्यांची देठं काढते आहे. भिवापूरची मिरची, उन्हं खाऊन कडकडीत झालेली. अंगणात जुनी चादर, नाकावर पदर, हाताला खोबरेल. तरी बोटं पेटलीच. देठं झाली की चक्कीवर जायचं, तिखट दळून आणायचं, बरणी भरायची, की वर्षाची काळजी मिटली. इकडे धरमपेठेत मिरची कांडणारी बाई आता मिळत नाही. चक्कीवाला पाच मिनिटांत भुकटी करून हातात देतो. त्याला त्या मिरचीबद्दल काही वाटत नाही.

गिरजाबाईला वाटायचं.

जुन्या नागपुरातल्या महाल भागात आम्ही राहायचो त्या गल्लीत सगळ्यांची मिरची, हळद, धणे तीच कांडायची. उंच, हाडापेराने रुंद, काळी, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला. मुसळ एका हाताने उचलायची, दुसरा हात कमरेवर. इतर बायका कांडताना गाणं म्हणत. गिरजाबाई नावं घ्यायची. "हा डोम्याचा." मुसळ खाली. "हा गांधीबागेवाल्याचा." मुसळ खाली. डोम्या म्हणजे तिचा नवरा डोमाजी. तो बऱ्याचदा तिथेच बाजूला विडी ओढत बसलेला असायचा आणि आपल्या नावाचे घाव मोजल्यासारखा मान हलवायचा.

नवीन गिऱ्हाईक आलं की ती सरळ विचारायची, "तुमच्याकडून कोनाचं नाव घेऊ?" बायका आधी लाजायच्या, पदराआड हसायच्या, मग हळूच एक नाव सांगायच्या. आमच्या गल्लीतल्या निम्म्या सासवा त्या उखळात कुटल्या गेल्या आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आमच्या हेडमास्तरांचं नाव दिलं. त्या वर्षीचं तिखट चांगलं झणझणीत उतरलं.

आम्ही तिच्या समोरच्या घरात भाड्याने होतो, साठ सालानंतरची सहा-सात वर्षं. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची, आमचे हे सिंचन खात्यात कारकून. गल्ली अरुंद, त्यामुळे तिच्या घरात जे घडे ते आमच्याही घरात ऐकू येई. मी काही कान लावून बसत नव्हते. लावायची गरजच नव्हती.

तिचं घर दोन खोल्यांचं, वर कवेलू, मागे छोटंसं परस. हे घर डोमाजीचं नव्हतं. तिचा बाप काटोलकडचा शेतकरी. एका वर्षी संत्र्याला बरा भाव आला, त्या पैशात त्याने नागपुरात हे घर घेतलं आणि लेकीच्या नावावर केलं, जावयाच्या नाही. लग्नानंतर जावई पहिल्यांदा जेवायला आला होता, तेव्हा म्हाताऱ्याने त्याला जेवताना पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी घर लेकीच्या नावावर घ्यायचं ठरवलं, असं गिरजाबाई सांगायची. जेवताना त्याने काय पाहिलं, ते मात्र म्हातारा कधी बोलला नाही.

डोमाजी गिरणीत विणकर होता. दिसायला देखणा, आवाज गोड, पोरांना खांद्यावर घेऊन फिरायचा. सट्टा लावला नाही त्या दिवशी तो गल्लीतला सगळ्यात चांगला माणूस होता. असे दिवस थोडे होते. सट्ट्याची उधारी गळ्याशी आली तेव्हा त्याने बायकोला सांगितलं की सायकलींचं दुकान टाकतो, भांडवल पाहिजे, घर थोडे दिवस गहाण टाकू. गांधीबागेत एक कापडाचा व्यापारी होता, व्याजबट्टाही करायचा. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत. त्याने दोन हजार दिले. घर गिरजाबाईचं, म्हणून कागदावर अंगठा गिरजाबाईचा. दुकान अर्थात निघालं नाही. पैसे ज्यांचे त्यांना गेले आणि भाऊसाहेबाचा दिवाणजी दर महिन्याला व्याजाला दारात येऊ लागला.

हे सगळं मला नंतर कळलं. कळायचं कारण तिची मुलगी बेबी. बेबीला आमच्या शाळेत घालायचं होतं. जन्माचा दाखला शोधायला गिरजाबाई घरातल्या सगळ्या कागदांची पिशवीच माझ्या पुढ्यात घेऊन आली. त्यात तो स्टँपपेपर होता. मी सहज वाचला, आणि मग नीट वाचला.

वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, गहाण-लहाण. वकिलांच्या भाषेतला जुना शब्द. त्याचा अर्थ असा की पाच वर्षांच्या आत पैसे फेडले तर घर परत, नाही फेडले तर हाच कागद खरेदीखत समजायचा आणि घर सावकाराचं. मी तिला विचारलं, हे माहीत होतं का. तिने नाही म्हणून मान हलवली. दिवाणजीने सांगितलं होतं, गहाण-लहाण आहे बाई, घाबरू नका. आमच्या इकडे तोंडात ण आणि न वेगळे नसतात. तिने ऐकलं, गहान-लहान.

"लहान गहान आहे, असं वाटलं मले," ती म्हणाली. "मोठं असतं तं मी आंगठा लावलाच नसता."

मी तिला ती ओळ पुन्हा वाचून दाखवली. तिने आणखी एकदा वाचायला लावली. दोन वर्षं होऊन गेली होती आणि इतके दिवस नुसतं व्याजच चाललं होतं, मुद्दल जिथल्या तिथे. ती उठली, पिशवी तिथेच टाकून घरी गेली. डोमाजी पहिली पाळी करून येऊन जेवायला बसला होता. तिने मुसळ उचललं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. तो ताटात पडला. मग तो उठला आणि त्याने तिला भिंतीवर आपटलं. तिचे समोरचे दोन दात त्या दिवशी गेले. आवाज दोघांचेही आले, फक्त त्या दिवशी पहिला आवाज त्याचा होता. गल्लीला ते नवीन होतं.

दोघं थकून बसल्यावर एक गोष्ट बाहेर आली. डोमाजीलाही तो शब्द लहानच वाटला होता. त्याने बायकोला सट्ट्याबद्दल फसवलं होतं, पण कागदाबद्दल नाही. दात गेलेल्या जागी मिठाचं पाणी धरून ती मला म्हणाली, "फसवलं असतं तं एक डाव माफ केलं असतं. हा तं बह्याड निघाला." तिचा राग दुपटीने वाढला तो या मूर्खपणामुळे.

त्या दिवसापासून तिच्या घराचा खर्च म्हणजे लढाई झाली. मुदतीच्या दिवसापर्यंत थांबायचं नाही, त्याच्या खूप आधी फेडायचं, हे तिने लगेच ठरवलं. कारणही पक्कं होतं. मुदतीच्या दिवशी तो शेठ काशीला निघून जाईल आणि मी पैसे घेऊन त्याच्या बंद दारात बसून राहीन, असं ती म्हणायची. मला तेव्हा ती उगाच संशयी वाटली.

चहा बंद झाला. नणंद आली तर तिला गुळाचं गरम पाणी मिळालं. ती रागावून गेली, पुन्हा आली नाही, तोही खर्च वाचला. भाजी म्हणजे परसातली अंबाडी. वरणात तेल टाकायचं तर बोट बुडवून जेवढं निघेल तेवढं. मातीचं तेल महाग म्हणून उजेड आहे तोवर जेवणं. कांडप होतंच, शिवाय ती चिंचा फोडून द्यायची, गोवऱ्या थापून विकायची. आपल्या घरासाठी ती मिरचीची फक्त देठं आणि बिया ठेवायची, त्याची चटणी करायची. आम्हाला एकदा दिली. आमच्या ह्यांना रात्रभर ताक पाजावं लागलं.

ज्याला ही लढाई समजत नव्हती त्याला मार पडायचा. बेबी सात वर्षांची. तिने गोवऱ्यांच्या पैशातून पाच पैसे उचलून शाळेबाहेर बोरकूट खाल्लं. आईने कानाखाली अशी मारली की कानातून रक्त आलं. पोरीला दवाखान्यात मी नेलं. परत आल्यावर गिरजाबाईने आधी विचारलं, डॉक्टरने किती घेतले. मी तिला चांगलंच सुनावलं. हे घर पोरीसाठीच वाचवायचं ना, मग पोर बहिरी करून काय करणार, असंही म्हणाले. ती बेबीचा कान फुंकत बसली होती. वर न बघता म्हणाली, "कान बरा होते, मास्तरीनबाई. घर गेलं तं बरं होत नाही." डॉक्टरचे पैसे तिने मला दोन पायल्या हळद फुकट कांडून फेडले. माझं तिच्याशी पटलं नाही ते या एका बाबतीत, आणि अजून पटत नाही. बेबीला त्या कानाने कायमचं कमी ऐकू येत राहिलं.

पगाराच्या दिवशी ती गिरणीच्या फाटकावर जाऊन बसायची. डोमाजी मागच्या फाटकाने निघायला लागला. मग ती मागच्या फाटकावर बसायला लागली. एकदा तो दोस्तांसोबत बाहेर आला, तिला पाहून पळाला, आणि रस्त्यात तिने त्याला गाठून खिसा धरला. त्याने पायातली वहाण काढून भर रस्त्यात तिच्या डोक्यावर, तोंडावर मारायला सुरुवात केली. लोक गोळा झाले. ती ओरडली नाही, रडली नाही, दोन्ही हातांनी खिसा धरून उभी राहिली. शेवटी खिसाच फाटून तिच्या हातात आला. ती तशीच घरी आली, एक डोळा मिटलेला, ओठ फुटलेला, मुठीत निळ्या कापडाचा तुकडा आणि त्यात पूर्ण पगार. मला म्हणाली, "मोजून द्या वं बाई, मले एका डोळ्याने नीट दिसून नाही राहिलं."

त्या आठवड्यात तिने त्याच्या सगळ्या सदऱ्यांचे खिसे उसवून टाकले. पुढे त्याचे सदरे ती बिनखिशाचेच शिवायची. विडी कानावर आणि बंडल कमरेला खोचून तो फिरायचा. गिरणीतली माणसं त्याची थट्टा करायची, म्हणायची, डोमाजी, हात कुठी घालशीन गा आता? तो हसायचा. घरी येऊन त्याचं हसणं संपायचं आणि तिची पाठ सुरू व्हायची.

साठलेले पैसे ती चुलीखाली पुरून ठेवायची. चूल दिवसभर पेटलेली, म्हणजे तिथे हात घालायला कोणी धजणार नाही, असा तिचा हिशोब. पोस्टात खातं काढू या असं मी सांगितलं, तर म्हणाली, पोस्टात तो माझा अंगठा घेऊन जाईल, चुलीत नेता येत नाही.

पण दिवाळीच्या सुमारास डोमाजीला ते कळलं. भर दुपारी तो एका दोस्ताला आणि एक सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आला. ती परसात होती. चूल उकरल्याचा आवाज ऐकून ती आत आली आणि बाहेर ओढून टाकलेलं जळतं लाकूड तिने उचललं. दोस्त दारातून पळाला तो वळून न बघता. डोमाजीच्या गालावर लाकूड बसलं, कानापासून हनुवटीपर्यंत चामडी सोलली. त्याने सब्बल फिरवली ती तिच्या कमरेवर. आम्ही गल्लीतले पाच-सहा जण आत शिरलो तेव्हा ती चुलीच्या राखेवर पालथी पडली होती, अंगाखाली डबा, आणि तो तिला लाथा घालत होता. तिला उठवायला गेलो तर ती आमचेही हात झिडकारायला लागली. आम्हीही डब्यालाच हात घालतोय असं तिला वाटलं.

आमचे हे पोलीस चौकीवर जाऊन आले. तिथल्या हवालदाराने पानाची पिचकारी टाकली आणि सांगितलं, नवरा-बायकोचं आहे साहेब, त्यांचं त्यांना पाहू द्या, मेलं कोणी तर या. गिरजाबाईला हे सांगितलं तेव्हा तिला राग आला नाही. तिने ते नीट ऐकून घेतलं, दुकानदाराने भाव सांगावा तसं.

ती महिनाभर वाकून चालली. कांडप चालूच होतं.

दुसऱ्या वर्षी पावसाळा अर्धा सरला तेव्हा रक्कम पूर्ण झाली. मुद्दल, वर त्या दिवसापर्यंतचं व्याज. मुदतीला अजून वर्ष होतं. ती पैसे घेऊन गांधीबागेत गेली. भाऊसाहेब म्हणाले, दिवाणजी गावाला गेला आहे. पुन्हा गेली तर अवस आहे, आज पैशाची देवघेव नाही. तिसऱ्या वेळी ते नुसते हसले. "घाई काहून करून राहिल्या बाई? घर काय पळून जाऊन राहिलं?" ती जागची हलली नाही, तेव्हा दिवाणजीने तिला दुकानाच्या पायऱ्यांवरून खाली ढकललं. तेव्हा मला पटलं, की काशीला जाण्याबद्दलचा तिचा संशय उगाच नव्हता.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी मारबत. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगायचं तर त्या दिवशी मारबतीचे अक्राळविक्राळ पुतळे जुन्या शहरातून मिरवत नेतात आणि गावाबाहेर जाळतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक ओरडतात, रोगराई घेऊन जा गे मारबत. जे नाव घ्याल ते मारबत आपल्यासोबत घेऊन जाते आणि तिच्याबरोबर जळतं. शाळेला सुट्टी होती. गिरजाबाई सकाळी दारात आली, म्हणाली, मास्तरीनबाई, चाला, कागद वाचाले कोनी तरी पायजे.

गांधीबागेत पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल, गुलाल, काठ्यांवर लटकावलेली बुजगावणी. मिरवणूक भाऊसाहेबाच्या दुकानासमोर आली आणि गर्दीमुळे थांबली. ते स्वतः दुकानात गादीवर होते, वरच्या गॅलरीत त्यांची बायको, सुना, नातवंडं. गिरजाबाई दुकानाच्या पायरीवर चढली, मारबतीकडे तोंड केलं आणि ज्या आवाजात ती उखळापाशी नावं घ्यायची त्याच आवाजात ओरडली, "गांधीबागेच्या भाऊसाहेबाले घेऊन जा गे मारबत."

आधी कोणी लक्ष दिलं नाही. तिने पुन्हा हाक घातली. मिरवणुकीतल्या पोट्ट्यांना असलंच काही पाहिजे असतं. त्यांनी ती ओळ उचलली, ढोलवाल्यांनी ठेका बदलला, आणि शंभर तोंडांतून भाऊसाहेबाचं नाव मारबतीला जायला लागलं. गॅलरीत भाऊसाहेबाच्या बायकोने नातवाला उचलून छातीशी धरलं.

दिवाणजी कापड मोजायचा लोखंडी गज घेऊन धावत आला आणि त्याने तो गिरजाबाईच्या डोक्यावर घातला. ती गुडघ्यावर बसली, कमरेची पिशवी तिने दोन्ही हातांनी धरली आणि पुन्हा तेच नाव घेतलं. त्याने दुसऱ्यांदा मारायला हात उचलला तेव्हा बंदोबस्तावरच्या एका तरुण शिपायाने मागून त्याचं मनगट पकडलं. पिळलंच. गज खाली पडला. पोट्टे दिवाणजीवर तुटून पडले. त्याचा सदरा गेला, चष्मा गेला, आणि त्याला दुकानात ओढून घेईपर्यंत त्याचं नाक सपाट झालं होतं.

तेवढ्यात वरून भाऊसाहेबाच्या बायकोचा आवाज आला. "अहो, घ्या न तिचे पैसे. आपलं नाव मारबतीसंगं जाऊन राहिलं, दिसत नाही का तुमाले?"

भाऊसाहेब उठून पुढे आले. गिरजाबाईने त्यांच्या पांढऱ्या गादीवर नोटांची पुडकी ठेवली. डोक्यातलं रक्त कपाळावरून हनुवटीवर आणि हनुवटीवरून नोटांवर पडत होतं. भाऊसाहेब म्हणाले, नोटा खराब झाल्या आहेत.

"रक्त माहं आहे," ती म्हणाली. "नोटा सरकारच्या आहेत. मोजा."

त्यांनी मोजल्या. सगळ्या गर्दीसमोर, रुमालाने बोटं पुसत. पावती मी वाचली, दोनदा. मग घर परत तिच्या नावे केल्याचा कागद रजिस्टर करायला रजिस्ट्रार कचेरी उघडेल त्या दिवशी येईन, असं त्यांच्याकडून त्यांच्या बायकोसमोर कबूल करून घेतलं. तो शिपाई तोवर दारातच उभा होता. तो तिला म्हणाला, बाई, आता तरी मेयोत जा, टाके घालून घ्या. तिने त्याच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. तो साधा पोरगेला, भंडाऱ्याकडचा. हातातल्या काठीला तेल लावून ती काळीभोर केलेली.

सोमवारी भाऊसाहेब आले. सही केली आणि गेले. गिरजाबाई कागद पोलक्यात घालून माझ्यासोबत रिक्षात बसली. डोक्याला पट्टी. मला वाटलं आता ही रडेल, काहीतरी बोलेल. ती महालात उतरल्यावर रिक्षावाल्याशी दहा पैशांवरून भांडली.

संध्याकाळी दिवे लागले नव्हते तेव्हाच समोरून आवाज यायला लागले. डोमाजी आनंदात होता. घर मोकळं झालं होतं. त्याने येतानाच कोरा स्टँपपेपर आणला होता, सोबत शाईची डबी आणि तो चूल उकरायला आलेला दोस्त. दुसऱ्या एका सावकाराने दुप्पट द्यायचं कबूल केलं होतं. या खेपेला लहान नाही, मोठं करू, असं तो तिला समजावत होता. मी खिडकीतून पाहिलं तर त्याने तिला भिंतीशी दाबून धरलं होतं आणि दोस्त तिची मूठ उघडायचा प्रयत्न करत होता. आम्ही दोघं धावलो. आमच्या ह्यांना कोपराचा तडाखा बसला आणि नाकातून रक्त आलं. तिने दोस्ताच्या हाताचा चावा घेतला, उरलेल्या दातांनी, आणि तिने हात सोडेपर्यंत तो ओरडत राहिला. तिच्या डोक्याचे टाके उसवले. बेबी आणि तिचा धाकटा भाऊ पाटावर उभे राहून बघत होते, रडत नव्हते. पोरांना त्या घरात एवढं शिकायला मिळालं होतं.

डोमाजी दमला तेव्हा तो मारायचं थांबला. शाईची डबी उचलून झाकण लावलं. जाताना दारात वळला आणि अगदी प्रेमाने बोलला. "आज नाही लावला तं उद्या लावशीन. कवा तं झोपशीन."

तो गेल्यावर ती दोन्ही अंगठे मुठीत दाबून बसली. इतक्या वर्षांत मी तिला घाबरलेली पाहिली ती तेवढीच. मार तिला माहीत होता. झोपेचं काय करायचं, ते तिला माहीत नव्हतं. मी म्हणाले, आज आमच्याकडे झोपा. ती म्हणाली, मग घरात कोण झोपेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून माझ्या दारात आली. चौकीवर जायचं आहे, चाला. मला बरं वाटलं, उशिरा का होईना तक्रार द्यायला निघाली. काय काय लिहायचं ते मी वाटेत तिला सांगत गेले, दिवाणजीचा गज, कालचा प्रकार, साक्षीदार कोण कोण. ती हूं हूं करत होती.

चौकीत तोच हवालदार होता. तिची पट्टी पाहून त्याने विचारलं, काय, पुन्हा घरचं भांडण? तिने त्याला उत्तर दिलं नाही. मागे भिंतीला टेकून चहा पिणाऱ्या त्या तरुण शिपायापाशी जाऊन ती उभी राहिली आणि त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारात बैल पाहतात तसं.

राहता कुठी, तिने विचारलं. तो म्हणाला, पोलीस लाइनीत खोली मिळाली नाही, चुलतभावाकडे राहतो. लग्न झालं का? झालं, पण खोली नाही म्हणून बायको गावाला. रात्रपाळी किती? एक आठवडा सोडून एक. त्यावर तिने थोडा विचार केला. मग सांगितलं की तिच्याकडे पुढची खोली रिकामी होणार आहे, आजच, पंचवीस रुपये भाडं, परसातल्या विहिरीचं पाणी, बायकोला घेऊन या. हवालदाराने टेबलावर कोपर टेकले. ती खोली डोमाजीची होती.

शिपाई म्हणाला, बाई, पंचवीस जास्त होतात.

"ड्यूटीवरून घरी आले का काठी कुठी ठेवता?" तिने विचारलं.

त्याला प्रश्न कळला नाही. "कुठी म्हणजे? खुंटीले."

"माह्या समोरच्या दाराच्या बाजूले खुंटी आहे, रस्त्यावरून दिसते," ती म्हणाली. "तिथी ठेवत जा. वीसच द्या."